केसांची वाढ आणि हार्मोन्स : या विषयावर पीएचडी करायला पैसे कोण देतं?

शलाका (धागाकर्ती)
नमस्कार. इथे चार-पाच वर्षं वाचनमात्र आहे, धागा पहिल्यांदाच काढतेय. लांबलंय, सांभाळून घ्या.

मी बायोकेमिस्ट्रीत एम.एस्सी. केलं आणि यंदा सीएसआयआर-नेट ही परीक्षा जेआरएफसकट (म्हणजे संशोधनासाठी दरमहा मिळणाऱ्या सरकारी फेलोशिपसकट) निघाली. पीएचडी करायची हे नक्की आहे, आणि विषयही नक्की आहे: माणसाच्या केसांची वाढ आणि हार्मोन्स.

हा विषय कुठून आला ते सांगते. वसतिगृहात माझी रूममेट रोज पहाटे साडेचारला उठायची. मला वाटायचं अभ्यासाला उठते. एकदा वीज गेली तेव्हा तिने माझ्याकडे टॉर्च मागितला, आणि मी तो धरून उभी राहिले तेव्हा कळलं, की दोन वर्षं ती सगळ्यांच्या आधी उठून बाथरूममधल्या बल्बखाली चिमट्याने हनुवटीवरचे केस उपटत होती. केस कमी, काळे डाग जास्त. त्या दिवशी ती रडली नाही. "टॉर्च जरा डावीकडे धर" एवढंच म्हणाली. ते वाक्य अजून डोक्यातून जात नाही.

त्यानंतर वाचायला लागले आणि अडकलेच. ज्या हार्मोनमुळे मुलाला दाढी-मिशी फुटते, तेच पुढे त्याच माणसाच्या टाळूवरचे केस बारीक करत नेतं. पापण्यांवर तर त्याचा परिणामच नाही. रक्त एकच, हार्मोन एकच, आणि प्रत्येक जागेचं मूळ त्याचं वेगळं ऐकतं. हे कसं होतं याचं पूर्ण उत्तर अजून कुणाकडे नाही. मला त्यावर काम करायचंय.

आता प्रश्न पैशाचा. माझ्यापुढे तीन वाटा आहेत.

इंग्लंडमधल्या एका विद्यापीठात प्रवेश मिळतोय, विषय अगदी हाच, पण शिष्यवृत्ती नाही. बाबा घर गहाण टाकायचं म्हणताहेत. दुसरं, इथली एक कंपनी एका प्राध्यापकांमार्फत पूर्ण खर्च करायला तयार आहे, पण विषय त्यांच्या एका तेलातल्या घटकाभोवती फिरणार. तिसरं, जेआरएफ घेऊन इथेच राहायचं. गाइड चांगल्या आहेत, पण त्या पीसीओएसवर (स्त्रियांमधला हार्मोनचा एक विकार) काम करतात, केसांवर नाही.

मुलाखतीला गेले तिथे एका पॅनेलवर विषय सांगितल्यावर दोघे हसले. "पार्लरसाठी पीएचडी का?" असं विचारलं. म्हणून इथे विचारतेय, इथे कुणी हसणार नाही.

आजीची_वेणी
हसणारे हसोत. तू टॉर्च नीट धरलास, आता पुढचंही धरशील. वाचतेय.

यॉर्कशायरकर
शलाका, अभिनंदन. मी ब्रॅडफर्डजवळ राहतो, म्हणून राहवलं नाही. तुझा विषय या गावाच्या ओळखीचा आहे. इथल्या विद्यापीठात व्हॅलरी रँडल यांनी वर्षानुवर्षं याच कोड्यावर काम केलं. केसाच्या मुळाशी डर्मल पॅपिला म्हणून पेशींचा एक चिमुकला गोळा असतो. दाढीचा, टाळूचा, काखेतला असा वेगवेगळ्या जागांचा तो गोळा काढून त्या पेशी डिशमध्ये वाढवायच्या आणि हार्मोन दिल्यावर कोण काय करतं ते बघायचं. दाढीच्या पेशींत हार्मोन पकडणारे रिसेप्टर टाळूच्या साध्या पेशींपेक्षा जास्त सापडले, आणि टक्कल पडणाऱ्या भागातही जास्तच सापडले. म्हणजे हाक दोघांनाही मोठ्याने ऐकू येते, पण उत्तर उलटं. त्यांनी लाल हरणाच्या मानेवरच्या आयाळीचाही अभ्यास केला, कारण तीही नराच्या हार्मोनवर वाढते.

अजून एक गोड अभ्यास: रँडल आणि एबलिंग यांनी शेफील्डमधल्या १४ पुरुषांचे केस दीड वर्ष मोजले. १९९१ साली तो प्रसिद्ध झाला. डोक्यावरचे केस ऑगस्ट-सप्टेंबरच्या सुमारास सर्वांत जास्त गळत होते, आणि दाढी हिवाळ्यात हळू, उन्हाळ्यात जोरात वाढत होती.

आता पैशाचं. इथे सरकारी पैसा मुख्यतः यूकेआरआय या संशोधन-निधीच्या संस्थेच्या हाताखालच्या बीबीएसआरसी आणि एमआरसी या परिषदांकडून येतो. तो थेट विद्यार्थ्याला मिळत नाही, विद्यापीठांना किंवा त्यांच्या गटांना पीएचडीच्या जागांसाठी मिळतो आणि ते जागा भरतात. २०२१ पासून त्या जागा परदेशी विद्यार्थ्यांना खुल्या आहेत, पण ३० टक्क्यांपर्यंतच. २०२५-२६ चा किमान भत्ता वर्षाला २०,७८० पौंड, त्यावर कर नाही. ही जागा मिळाली तर ये, मी स्टेशनवर घ्यायला येतो.

पण स्वतःच्या पैशाने प्रयोगशाळेतली पीएचडी? नको. फी परदेशी दराने, वर बऱ्याच ठिकाणी बेंच फी म्हणजे प्रयोगाच्या सामानाचे वेगळे पैसे, आणि राहणं-खाणं. तीन वर्षांत काम संपलं नाही तर चौथं वर्ष कुणाच्या जिवावर? बाबांचं घर गहाण टाकू नकोस. हे मी मोठ्या भावासारखं सांगतोय.

निखारा
मी वेगळं बोलणार आहे, राग मानू नये.

माझा भाऊ मेळघाटात काम करतो. तिथे कुपोषण आहे, क्षयरोग आहे. अशा देशात सरकारी पैसा टकलावर का खर्च करायचा? कंपन्यांना तेलं विकायची आहेत ना, मग त्यांनाच करू द्या खर्च. शलाकाच्या मैत्रिणीबद्दल सहानुभूती आहे, पण प्राधान्यक्रम नावाची गोष्ट असते. करदात्याला हा प्रश्न विचारायचा हक्क आहे.

त्वचावैद्य_कोल्हापूर
निखारा, प्रश्न योग्य आहे म्हणून सविस्तर लिहितो.

माझ्या ओपीडीत केसांसाठी येणारी माणसं फक्त टक्कल घेऊन येत नाहीत. केस हा शरीराचा फार बोलका साक्षीदार आहे. डोक्यावरचा केस दोन ते सहा वर्षं वाढतो, मग दोन-तीन आठवड्यांत त्याचं मूळ आक्रसतं, मग तीनेक महिने तो नुसता बसून राहतो आणि गळतो. त्यामुळे बाळंतपणानंतर तीन-चार महिन्यांनी केसांचे पुंजके हातात येतात, तेव्हा ती बाई घाबरते, पण कारण मागे घडून गेलेलं असतं. गरोदरपणात ज्या केसांना हार्मोनने धरून ठेवलं, ते सगळे एकदम सुटतात. डेंगी, टायफॉइड, कोविड यांनंतरही हेच. थायरॉइड बिघडलं तर केसांवर दिसतं. लोह कमी पडलं तरी दिसतं. तुमच्या भावाच्या मेळघाटातल्या कुपोषित मुलांचे केस विरळ, भुरकट आणि सहज उपटून येणारे असतात, ते त्याला विचारा. केसाचं मूळ कशावर चालतं हे समजणं त्या मुलांपासून लांब नाही.

आणि चेहऱ्यावरचे केस. स्त्रियांच्या अंगावर पुरुषी पद्धतीने येणारे केस मोजायला आम्ही फेरिमन-गॅलवे गुणांकन वापरतो. ते १९६१ सालचं आहे, आणि विलायतेतल्या स्त्रियांवरून बसवलेलं आहे. वरचा ओठ, हनुवटी, छाती, पोट, मांड्या अशा जागांना शून्य ते चार गुण. आता आपल्याकडच्या बायकांची अंगची ठेवण, लव, केसांचा रंग सगळं वेगळं. त्या मापाने आपल्या मुलींना मोजून 'नॉर्मल' आणि 'अॅबनॉर्मल' ठरवायचं का? यावर इथे आणखी अभ्यास हवा, आणि तेल विकणारी कंपनी तो करणार नाही, कारण त्यातून विकायला काही निघत नाही. तो सरकारी पैशानेच व्हायला हवा असं मी ठामपणे म्हणतो.

मागच्या महिन्यात एक मुलगी आली. लग्न ठरलेलं. बाजारातल्या कुठल्याशा मलमाने हनुवटी भाजून घेतली होती. आईने पदराने झाकून आणली. तिला प्राधान्यक्रमात कितवं बसवायचं?

मीरा_ठाणे
डॉक्टर, तुमच्या शेवटच्या ओळीला थांबले.

मला सतराव्या वर्षी पीसीओएस निघालं. पाळीचं औषध मिळालं, वजन कमी करायचा सल्ला मिळाला, साखर तपासली. चेहऱ्यावरच्या केसांबद्दल विचारलं तर "ते काय, थ्रेडिंग करायचं" असं उत्तर. दर दहा दिवसांनी पार्लर. लग्नानंतर पहिली दिवाळी माहेरी केली नाही, कारण सणाच्या गर्दीत पार्लरवालीकडे वेळ मिळाला नव्हता आणि त्या तोंडाने गाडीत सहा तास सगळ्यांसमोर बसायचं नव्हतं. आईला खोटं सांगितलं की ताप आहे.

शलाका, तुझ्या मैत्रिणीला माझा नमस्कार सांग. आणि हे काम कर. कुठूनही कर, पण कर.

निखारा
डॉक्टर, मीरा, तुम्ही जे लिहिलं ते मला माहीत नव्हतं. माझा प्रतिसाद मी खोडत नाही, प्रश्न विचारायला हवाच होता. पण उत्तर पटलं. मुलांच्या केसांबद्दल भावाला फोन केला. "हाताला नुसते लागले तरी निघतात," म्हणाला.

बंडूनाना
मी बँकेतून निवृत्त. विज्ञान कळत नाही, पण एक शंका फार दिवसांची आहे. नातवाचं जावळ काढलं तेव्हा सगळे म्हणाले, आता केस दाट येतील. आमच्या सुनेला तिची आई म्हणायची, ओठावर वस्तरा लावू नकोस, राठ येतील. म्हणजे वस्तऱ्याने डोक्यावर दाट आणि ओठावर राठ? खरं काय?

पिपेट
नाना, तुमची शंका अवांतर वाटेल, पण तिच्या उत्तरात या धाग्याच्या प्रश्नाचंही उत्तर आहे.

वस्तऱ्याने केस दाट होत नाहीत आणि राठही होत नाहीत. न कापलेल्या केसाचं टोक निमुळतं असतं. कापला की टोक बोथट होतं, म्हणून हाताला खरखरीत लागतं. मूळ कातडीच्या आत असतं, त्याला वस्तऱ्याचा पत्ताही नसतो. जावळ बारीक असतं, आणि पुढचे केस वयाप्रमाणे तसेही जाडच यायचे असतात.

हे मोजून दाखवणाऱ्यांत एक होती मिल्ड्रेड ट्रॉटर. अमेरिकेत सेंट लुईसला वॉशिंग्टन विद्यापीठात होती. दाढी करण्याचा केसांच्या वाढीवर काही परिणाम होत नाही, हा तिचा निबंध १९२८ चा. पण शलाकासाठी महत्त्वाची गोष्ट त्याआधीची आहे. बाईला पीएचडी मिळाली १९२४ साली, आणि ती केसांवरच्या कामाच्या आधाराने. पैसे कुठून आले? एका देणगीदाराने नाव न सांगता दिले होते. त्याच्या घरातल्या स्त्रियांना चेहऱ्यावरच्या केसांचा त्रास होता. शंभर वर्षांपूर्वी एका घरातल्या दुःखातून एका मुलीची पीएचडी उभी राहिली. पुढे हीच बाई मृत सैनिकांच्या हाडांवरून त्यांची उंची काढायच्या सूत्रांसाठी जगभर ओळखली गेली.

तेव्हा पॅनेलवर पुन्हा कुणी 'पार्लरसाठी' म्हणालं तर ट्रॉटरबाईंचं नाव सांग.

मीरा_ठाणे
हे वाचून काटा आला अंगावर.

यॉर्कशायरकर
पिपेट, फार सुंदर. माझ्याकडून एक भर. १९७० साली 'नेचर' या विज्ञान नियतकालिकात एका संशोधकाने नाव न देता एक टिपण छापलं होतं. तो कामासाठी एका दूरच्या बेटावर आठवडेच्या आठवडे एकटा राहायचा, आणि रोज दाढी केल्यावर यंत्रातला भुगा तोलून वजन लिहून ठेवायचा. बेटावरून परतून जोडीदाराला भेटायची वेळ जवळ आली की दाढी जास्त वाढायची. कुणाचा निधी नाही, तराजू आणि वही एवढंच.

आजीची_वेणी
आमचे हे दुबईहून यायचे तेव्हा दाढी वाढलेलीच असायची. मला वाटायचं विमानात वेळ मिळाला नाही. :)

पिपेट
:) आता मूळ मुद्दा. मी पुण्यात पोस्टडॉक (पीएचडीनंतरचं संशोधन) करते, माणसाच्या त्वचेच्या पेशींवर. शलाका, तिसऱ्या वाटेचा हिशेब मांडून देते.

जेआरएफ १ जानेवारी २०२३ पासून महिना ३७,००० आहे, दोन वर्षांनी एसआरएफ (तिची पुढची पायरी) झालं की ४२,०००. घरभाडं वेगळं. मिळून पाच वर्षं. हे पैसे तुझे आहेत, गाइडचे नाहीत. गाइड बदलली, संस्था बदलली, तरी रीतसर अर्ज करून ते तुझ्याबरोबर येऊ शकतात. याची किंमत आत्ता कळणार नाही, तिसऱ्या वर्षी कळेल. आयआयटी, आयसर अशा ठिकाणी पीएमआरएफ (पंतप्रधान संशोधन फेलोशिप) मिळाली तर भत्ता बराच जास्त आणि संशोधनाला वेगळे पैसे, पण ती निवड कडक असते. एम.एस्सी.ला विद्यापीठात पहिली आली असशील तर इन्स्पायर ही सरकारी फेलोशिपही बघ.

पण फेलोशिप म्हणजे जेवण. प्रयोगाचे पैसे वेगळे. सीएसआयआरची कंटिंजन्सी, म्हणजे किरकोळ खर्चाची रक्कम, वर्षाला २०,०००. मी वापरते त्या एका अँटीबॉडीची छोटी कुपी त्यापेक्षा महाग पडते. म्हणून गाइडकडे आयसीएमआर, डीबीटी किंवा एएनआरएफ (पूर्वीचं एसईआरबी) या निधी देणाऱ्या सरकारी संस्थांचा चालू प्रकल्प आहे का, आणि तो कधी संपतो, हे पहिल्याच भेटीत विचार. लाजू नकोस. मी लाजले होते. दुसऱ्या वर्षी प्रकल्प संपला, भत्ताही सात महिने रखडला, आणि मी मैत्रिणीकडून उसने घेऊन मेसचे पैसे भरले. संस्थेचं नाव घेत नाही, पण तो काळ विसरले नाही.

आणि गाइड केसांवर काम करत नाहीत याची भीती बाळगू नकोस. पीसीओएसच्या बाई म्हणजे अँड्रोजन (पुरुषी हार्मोन) मोजायची सोय आहे, पेशंट आहेत, दवाखान्याशी संबंध आहे. केसाचं मूळ तू घेऊन ये.

शलाका
पिपेट, मूळ आणायचं कुठून हाच प्रश्न आहे! उंदरावर चालणार नाही ना?

पिपेट
उंदराचे केस लाटेसारखे एकत्र वाढतात आणि एकत्र थांबतात. माणसाचा प्रत्येक केस आपल्या घड्याळाने चालतो. शिवाय उंदराला आपल्यासारखं हार्मोनने टक्कल पडत नाही. म्हणून माणसाचंच हवं.

हेअर ट्रान्सप्लांटमध्ये काही मुळं उरतात, चेहऱ्याच्या शस्त्रक्रियेत कातडीची पट्टी निघते. रुग्णाची लेखी संमती आणि एथिक्स कमिटीची परवानगी असेल तर ती मिळू शकतात. मी शिकले तेव्हाचं सांगते. दुपारी चारला दवाखान्यातून फोन यायचा, "झालं, या." थंड माध्यमाची नळी बर्फाच्या डब्यात, डबा स्कूटरवर दोन पायांच्या मध्ये. लॅबला आलं की स्टिरिओ मायक्रोस्कोपखाली पट्टी ठेवायची. कातडी आणि तिच्याखालची चरबी यांच्या सीमेवर ब्लेडने अलगद काप द्यायचा. चरबीत रुतलेले गड्डे दिसतात, लसणीच्या रोपाच्या गड्ड्यासारखे, तळाशी गोल आणि वर पांढरट दांडा. घड्याळजीच्या बारीक चिमट्याने वरच्या आवरणाला धरून ओढायचं. गड्डा दाबला गेला की मेला. पहिल्या दिवशी वीसपैकी माझे सतरा मेले.

उरलेले तीन इन्सुलिन आणि हायड्रोकॉर्टिसोन घातलेल्या माध्यमात ठेवले. दुसऱ्या दिवशी सकाळी खालच्या पट्टीवर मोजलं तर एक केस सुमारे ०.३ मिलिमीटर वाढलेला. डोक्यावर वाढतो तसाच, डिशमध्ये. मी लॅबमध्ये एकटी होते, आणि मोठ्याने हसले. ही पद्धत फिलपॉट आणि सहकाऱ्यांनी १९९० मध्ये केंब्रिजला बसवली. त्यामुळे हार्मोन थोडं कमी, थोडं जास्त देऊन खऱ्या मानवी केसावर बघता येतं. यासाठी कोट्यवधी लागत नाहीत. सूक्ष्मदर्शक, इन्क्युबेटर, आणि न थरथरणारा हात.

लॅब_ते_बाटली
मी केसांच्या उत्पादनांच्या कंपनीत संशोधन विभागात आहे, म्हणून दुसऱ्या वाटेची बाजू मांडतो. कंपनीचा पैसा म्हणजे वाईट, असा सूर इथे लागतोय, तो मान्य नाही. मिनॉक्सिडिल आधी रक्तदाबाची गोळी होती. रुग्णांच्या अंगावर केस वाढताना दिसले, कंपनीने त्याचा पाठपुरावा केला, आणि १९८८ मध्ये अमेरिकेत टाळूला लावायचं औषध म्हणून मान्यता मिळाली. टकलावरचं दुसरं औषध फिनास्टेराइड, तेही कंपनीनेच आणलं. आमच्याकडे यंत्रं वेळेवर दुरुस्त होतात, रसायनं आठवड्यात येतात, आणि पगार पहिल्या तारखेला होतो. पिपेट यांनी उसने पैसे घेतले, तसं आमच्या मुलांना करावं लागत नाही.

त्वचावैद्य_कोल्हापूर
फिनास्टेराइडचं उदाहरण तुम्हीच दिलंत हे बरं झालं. त्याची सुरुवात कुठून झाली? डोमिनिकन रिपब्लिकमधल्या एका भागात काही मुलं जन्मतः मुलींसारखी वाटायची आणि वयात येताना मुलगे व्हायची. ज्युलिअॅन इम्पेराटो-मॅकगिन्ली आणि सहकाऱ्यांनी १९७४ मध्ये दाखवलं, की त्यांच्यात टेस्टोस्टेरॉनचं डायहायड्रोटेस्टोस्टेरॉन करणारं एन्झाइम कमी आहे. त्यांचा प्रोस्टेट लहान, दाढी विरळ, आणि टक्कल पडत नाही. काखेतले केस मात्र येतात. हे ज्ञान कुणाला काही विकायला शोधलेलं नव्हतं. त्यावरून ते एन्झाइम अडवणारं औषध निघालं, १९९२ मध्ये प्रोस्टेटसाठी आणि १९९७ मध्ये टकलासाठी. म्हणजे आधी कुणीतरी विकण्याचा विचार न करता बघितलं, मग कंपनी आली.

तुमच्या पगाराच्या मुद्द्याशी मात्र शंभर टक्के सहमत. सरकारी फेलोशिप वेळेवर न मिळणं हा मुलांवर अन्याय आहे, आणि त्याचा संताप यायलाच हवा.

लॅब_ते_बाटली
डॉक्टर, इतिहास मान्य. आपण दोघे एकाच साखळीच्या दोन टोकांना आहोत, असं म्हणतो.

काळा_कोट
मी करारनामे बघते. शलाका, दुसरी वाट निवडलीस तर सही करण्याआधी तीन गोष्टी करारात शोध. निकाल कंपनीच्या विरुद्ध आला तरी प्रबंध आणि शोधनिबंध छापायचा तुझा हक्क लेखी आहे का? कंपनी छापणं किती दिवस रोखू शकते? पेटंट आधी दाखल करायला थोडे महिने मागतात, ते रास्त आहे, पण मुदत आकड्यात हवी, 'वाजवी काळ' असं मोघम नको. आणि कंपनीने मध्येच प्रकल्प बंद केला तर तुझा भत्ता प्रबंध होईपर्यंत कोण देणार? माझ्याकडे एक मुलगा आला होता, चौथ्या वर्षाला कंपनीचं धोरण बदललं, आणि त्याच्या वह्या कंपनीच्या कपाटात राहिल्या. वह्या कुणाच्या, हेही करारात हवं.

बंडूनाना
मी तीस वर्षं कर्जं मंजूर केली आणि थकलेलीही बघितली. यॉर्कशायरकर यांच्या म्हणण्याला दुजोरा. मुलीच्या शिक्षणासाठी राहतं घर गहाण ठेवलेले बाप माझ्यासमोर बसलेले आहेत. मुलगी पास होते, पण तिचा प्रत्येक निर्णय त्या हप्त्याला बांधला जातो. शलाका, बाबांना सांग, एका बँकवाल्याने नको म्हटलंय. परदेशी जायचंच असेल तर दोन वर्षांनी कुणाच्या तरी प्रकल्पावर, त्यांच्या पैशाने जा.

यॉर्कशायरकर
नानांना अनुमोदन. दोन वर्षांचं हातचं काम दाखवून आलीस तर इथले लोक तुला शोधतील. कॉमनवेल्थ शिष्यवृत्तीच्या जाहिरातीवरही लक्ष ठेव.

शलाका (तीन आठवड्यांनी)
उशीर झाला, क्षमस्व. तुम्हा सगळ्यांचे प्रतिसाद मी बाबांना छापून दिले. नानांचा प्रतिसाद त्यांनी दोनदा वाचला. घर गहाण पडणार नाही.

कंपनीच्या प्राध्यापकांना काळा_कोट यांचे तिन्ही प्रश्न विचारले. ते प्रामाणिक होते, म्हणाले पहिल्या प्रश्नाचं उत्तर 'नाही' आहे. त्यांचे आभार मानून नकार कळवला.

पीसीओएसच्या गाइडकडे जेआरएफवर रुजू होतेय. त्यांचा प्रकल्प अजून तीन वर्षं आहे (विचारलं, पिपेट!). त्वचारोगाचे एक डॉक्टर सहमार्गदर्शक व्हायला तयार आहेत. प्रश्न थोडा बदलला आहे: टक्कल बाजूला, हनुवटी पुढे. ज्या स्त्रियांच्या रक्तात अँड्रोजन जवळपास सारखंच आहे, त्यांच्यातल्या एकीच्या हनुवटीवर राठ केस येतात आणि दुसरीची लव तशीच राहते, हे मुळाच्या पातळीवर कशामुळे?

रूममेटला सांगितलं. ती म्हणाली, पहिला नमुना माझा घे. एथिक्स कमिटीची परवानगी आली की घेईन.

आणि त्यासाठीच आता तुमची मदत हवी. कमिटीला संमतीपत्र मराठीत हवंय, रुग्णाला समजेल असं. 'हेअर फॉलिकल'ला काय लिहू? पुस्तकात रोमकूप आहे.

त्वचावैद्य_कोल्हापूर
रोमकूप नको. माझ्या पेशंटला ते विहिरीसारखं वाटेल.

मीरा_ठाणे
'केसाचं मूळ' लिही. आणि 'चेहऱ्यावरील अनावश्यक केस' असं अजिबात लिहू नकोस. आयुष्यभर जाहिरातींत तेच वाचलंय. 'चेहऱ्यावरचे केस' पुरे.

आजीची_वेणी
मूळ उपटणार म्हटलं की बाई घाबरेल. किती घेणार, दुखेल का, खूण राहील का, ते पहिल्या ओळीत लिही. बाकीचं नंतर.

पिपेट
आजींचं बरोबर आहे. आमच्या संमतीपत्रात हे चौथ्या पानावर होतं, आणि सगळ्या बायका आधी तेच विचारायच्या. मसुदा इथेच टाक, बघू सगळे मिळून.

शलाका
टाकते. पहिली ओळ अशी लिहिलीय: "तुमच्या हनुवटीजवळून भात शिजवायच्या तांदळाच्या दाण्याएवढा कातडीचा तुकडा घेतला जाईल. त्याआधी ती जागा इंजेक्शनने बधिर करतील. एक टाका पडेल, आणि बारीक खूण राहू शकते."

मीरा_ठाणे
'भात शिजवायच्या' काढ, 'तांदळाच्या दाण्याएवढा' बास. बाकी मला समजलं. मी सही केली असती.